जाब देणे आणि जाब विचारणे : जर्मनीच्या स्मरणव्यवहाराविषयी

१

'अमुक राष्ट्राने आपल्या काळ्या भूतकाळाशी हिशेब केला' हे विधान आजच्या समीक्षाव्यवहारात इतक्या सहजपणे केले जाते, की या वाक्याचा कर्ता कोण आणि त्यातील क्रियापद नेमकी कोणती क्रिया सांगते, हे तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. 'स्मृती-अभ्यास' या नावाने विद्यापीठांत स्थिरावलेल्या ज्ञानशाखेने या वाक्याला एक ठरावीक उदाहरणही जोडून दिले आहे. ते उदाहरण जर्मनीचे. आर्मेनियन संहाराबाबत तुर्कस्तानने काय नाकारले, आशियातील युद्धगुन्ह्यांबाबत जपानने काय टाळले, वसाहतींतील अत्याचारांविषयी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी किती उशिरा तोंड उघडले, हे सांगायचे झाले की तुलनेसाठी जर्मनीचा दाखला पुढे केला जातो. राष्ट्रांच्या वर्गातला हा हुशार विद्यार्थी असून इतरांनी त्याची वही पाहून उत्तरे लिहावीत, असा या युक्तिवादाचा एकंदर सूर असतो.

या युक्तिवादातील 'हिशेब' हा शब्द मराठीत दुहेरी आहे. 'हिशेब चुकता करणे' म्हणजे आपल्याकडे असलेले देणे फेडणे, आणि 'हिशेब चुकता करणे' म्हणजे दुसऱ्यावर सूड उगवणे. संदर्भाशिवाय यांतला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे कळत नाही. परंतु मराठीतच आणखी एक जोडी अशी आहे, की ती ही संदिग्धता दूर करते : 'जाब देणे' आणि 'जाब विचारणे'. पहिल्या क्रियेत बोलणारा आरोपीच्या जागी उभा असतो. दुसऱ्या क्रियेत तो न्यायासनावर बसलेला असतो. भूतकाळाशी होणाऱ्या कोणत्याही व्यवहाराची नैतिक किंमत तो करणारा या दोहोंपैकी कोणत्या जागी उभा आहे, यावर ठरते.

जर्मनीच्या बाबतीत येथे मांडावयाचे प्रतिपाद्य असे आहे : त्या देशात जे काही मोलाचे घडले ते जाब देण्याच्या क्रियेतून घडले; ही क्रिया राष्ट्राने आपण होऊन केली नाही, तर काही व्यक्तींनी आणि गटांनी राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध ती त्याला करावयास लावली; आणि ज्या दिवशी राष्ट्राने ही मिळकत आपल्या नावे सातबाऱ्यावर चढवून घेतली, त्या दिवसापासून जाब देण्याचे रूपांतर जाब विचारण्यात होऊ लागले. जर्मनीच्या आजच्या राजकारणातील एक मोठा पेच या रूपांतरातून उद्भवला आहे. जर्मन नमुन्याची भाबडी आरती करणाऱ्यांना तो दिसत नाही, आणि हा सारा व्यवहार ढोंग म्हणून निकालात काढणाऱ्यांनाही दिसत नाही.

२

ज्या शब्दाने हा व्यवहार जर्मन भाषेत प्रथम ओळखला गेला, तो 'फेरगांगेनहाइट्सबेवेल्टिगुंग' हा लांबलचक शब्दच मुळात शंकास्पद आहे. 'बेवेल्टिगन' या क्रियापदाला अवघड काम पार पाडणे, संकटावर मात करणे, एखादी गोष्ट आटोक्यात आणणे अशा छटा आहेत. त्याला पर्याय म्हणून रूढ झालेल्या 'आउफआरबाइटुंग' या शब्दात साचलेले काम उपसून संपवण्याचा ध्वनी आहे. थिओडोर आडोर्नो यांनी १९५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात नेमके याच शब्दावर बोट ठेवले. या शब्दाच्या आडून भूतकाळ समजून घेण्यापेक्षा त्याच्याखाली रेघ मारण्याची आणि जमल्यास तो स्मृतीतूनच पुसून टाकण्याची इच्छा व्यक्त होते, असे त्यांचे निदान होते. लोकशाहीविरुद्ध उघडपणे उभ्या राहणाऱ्या फॅसिस्ट प्रवृत्तींपेक्षा लोकशाहीच्या आत टिकून राहिलेला नाझीवाद अधिक घातक आहे, असेही त्यांनी त्याच व्याख्यानात बजावले होते.

हे निदान हवेतून आलेले नव्हते. पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर कोनराड आडेनाऊअर यांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी संसदेत केलेले निवेदन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ज्यूंवरील अत्याचारांची जबाबदारी स्वीकारणारे आणि नुकसानभरपाईची वाट मोकळी करणारे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले आहे, आणि ते महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची वाक्यरचना अशी आहे की शब्दांनी सांगण्यास नकार दिलेली गोष्ट व्याकरण सांगून जाते. अनन्वित गुन्हे जर्मन जनतेच्या 'नावाने' 'केले गेले', असे ते निवेदन सांगते. मराठी व्याकरणात ज्याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात तशी ही रचना, आणि 'कडून' या प्रत्ययाने दाखवावयाचा कर्ता तीत गाळलेला. बहुसंख्य जर्मन जनतेला या गुन्ह्यांचा तिटकारा होता आणि तिचा त्यांत सहभाग नव्हता, अशी पुस्तीही तेथे जोडलेली आहे. गुन्हा आहे, बळी आहेत, भरपाईही आहे. गुन्हेगाराची जागा तेवढी रिकामी आहे.

ही रिकामी जागा अपघाताने उरलेली नव्हती. त्याच वर्षी घटनेच्या १३१व्या कलमाखाली झालेल्या कायद्याने नाझी राजवटीतील हजारो सरकारी नोकरांना पुन्हा सेवेत येण्याचा मार्ग खुला केला. १९३५ सालच्या न्युरेंबर्ग वंशकायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक असलेले हान्स ग्लोबके १९५३ ते १९६३ अशी दहा वर्षे चॅन्सलरांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. दुसरीकडे १९५२ च्या लक्झेंबर्ग करारान्वये इस्रायलला तीन अब्ज मार्क देण्याचे ठरले. आणि संसदेत या कराराला मंजुरी मिळवताना आडेनाऊअर यांना स्वतःच्या आघाडीतील सर्वांची साथ न मिळाल्याने विरोधी सोशल डेमोक्रॅटांच्या मतांवर भिस्त ठेवावी लागली. म्हणजे देणे फेडले जात होते, जाब मात्र दिला जात नव्हता. किंबहुना जाब द्यावा लागू नये म्हणूनच देणे फेडले जात आहे, अशी शंका घेण्यास जागा होती.

या मौनाचे समर्थन करणारेही पुढे निघाले. तत्त्वचिंतक हेरमान ल्यूबे यांनी १९८३ साली असे प्रतिपादन केले, की युद्धोत्तर काळात भूतकाळाविषयी पाळला गेलेला संकोच हे एक प्रकारचे परस्परसंमत मौन होते आणि कालच्या हुकूमशाहीच्या प्रजेचे लोकशाहीच्या नागरिकांत रूपांतर होण्यासाठी ते आवश्यक होते. या युक्तिवादातील 'परस्पर' हा शब्द फसवा आहे. मौन पाळणारे सगळे एकाच पंक्तीतले नव्हते. छळछावणीतून परतलेल्याचे मौन आणि छावणीवर पहारा देणाऱ्याचे मौन यांना एकाच समझोत्याच्या दोन बाजू मानणे म्हणजे बळीची संमती न विचारताच गृहीत धरणे होय.

३

हे मौन कोणी मोडले? याचे उत्तर देताना 'राष्ट्राने' हा कर्ता घालून पाहिला की वाक्य तत्काळ खोटे पडते.

हेसन राज्याचे महाभियोक्ता फ्रिट्झ बाउअर हे ज्यू कुटुंबात जन्मलेले सोशल डेमोक्रॅट. नाझींच्या काळात त्यांनी डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये आश्रय घेतला आणि १९४९ साली ते परतले. आडोल्फ आइखमान याच्या अर्जेंटिनातील ठावठिकाण्याची माहिती हाती आली, तेव्हा ती त्यांनी इस्रायलकडे सोपवली. कारण आपल्याच देशाच्या यंत्रणेवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नसण्यास सबळ कारणे होती. डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ या काळात फ्रांकफुर्ट येथे चाललेला आउश्वित्स खटला मुख्यतः त्यांच्या चिकाटीचे फळ. त्या खटल्यातही कायद्याने भूतकाळाला सोयीस्कर आकार दिलाच. सामान्य खुनाचे कलम लावले गेल्यामुळे प्रत्येक आरोपीचे वैयक्तिक कृत्य स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागले, आणि ज्याने निमूटपणे हुकूम पाळला तो पुष्कळदा केवळ 'साहाय्यक' ठरला. निकालाच्या वेळी उरलेल्या वीस आरोपींपैकी सहांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. संहारछावणीच्या यंत्रणेत काम करणे हाच संहारात सहभाग होय, ही भूमिका जर्मन न्यायालयाने घेतली ती २०११ साली, म्युनिक येथील देम्यान्युक खटल्यात. तोवर बहुतेक आरोपी निसर्गनियमानेच न्यायालयाच्या हाताबाहेर गेले होते.

न्यायालयाला जे जमले नाही त्याकडे साहित्य वळले. पेटर वाइस यांचे 'दी एर्मिटलुंग' हे नाटक याच खटल्याच्या कामकाजावर आधारलेले असून १९ ऑक्टोबर १९६५ रोजी, म्हणजे निकालानंतर अवघ्या दोन महिन्यांत, पूर्व आणि पश्चिम जर्मनीतील अनेक रंगमंचांवर ते एकाच रात्री सादर झाले. त्याच्या संहितेतील एक निर्णय येथे महत्त्वाचा आहे. साक्षीदारांना नावे नाहीत, ते केवळ क्रमांकांनी ओळखले जातात. आरोपींना मात्र त्यांची खरी नावे आहेत. आडेनाऊअर यांच्या वाक्यात गळालेला कर्ता वाइस यांनी नेमक्या त्याच जागी परत आणून बसवला. छावणीतील श्रमांवर नफा कमावणाऱ्या उद्योगसमूहांचाही त्यांनी नामोल्लेख केला. या नाटकात 'ज्यू' हा शब्द एकदाही येत नाही, यावर पुढे काही समीक्षकांनी तीव्र आक्षेप घेतला आणि तो गंभीर आहे : कर्त्याला नाव मिळाले, पण बळीचे नाव भांडवलशाहीच्या सर्वसामान्य चिकित्सेत विरघळून गेले. तथापि हा आक्षेपही मौन मोडण्याच्या प्रक्रियेचाच भाग होता. एका कृतीने उघडे केलेले सत्य दुसऱ्या वाचनाने अपुरे ठरवावे, यालाच जाब देणे म्हणतात.

७ डिसेंबर १९७० रोजी चॅन्सलर विली ब्रांट वॉर्सा येथील ज्यू वस्तीच्या उठावाच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. आज या घटनेचे चित्र जर्मन राष्ट्राच्या प्रायश्चित्ताचे प्रतीक म्हणून शालेय पुस्तकांत छापले जाते. त्या वेळी 'श्पीगल' साप्ताहिकाने घेतलेल्या जनमत चाचणीत ४८ टक्के लोकांना ही कृती अतिरेकी वाटली होती. ती उचित मानणारे ४१ टक्के होते. ब्रांट हे स्वतः नाझींच्या विरोधात नॉर्वेत परागंदा झालेले. त्यांच्या या परागंदा आयुष्याचाच विरोधक त्यांच्याविरुद्ध निवडणुकीत वापर करीत असत. ज्यांना गुडघे टेकण्याचे कारण होते ते ताठ उभे होते, आणि ज्याला ते नव्हते त्याने टेकले. १९७९ साली खुनाच्या गुन्ह्यासाठी असलेली कालमर्यादा कायमची रद्द झाली ती वीस वर्षांच्या संसदीय वादानंतर, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत एका अमेरिकी दूरदर्शन मालिकेने घराघरांत खळबळ माजवल्यानंतर. १९८६ साली एर्न्स्ट नोल्टे यांनी नाझी संहाराला बोल्शेविक दहशतीची प्रतिक्रिया ठरवू पाहिले, तेव्हा युर्गेन हाबरमास यांनी वृत्तपत्रातूनच त्यांचा मुकाबला केला आणि 'इतिहासकारांचा वाद' पेटला. या प्रत्येक प्रसंगी राष्ट्र एका बाजूला आणि जाब मागणारे दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती होती. वाद हेच तेथे स्मरणाचे रूप होते. पूर्व जर्मनीने स्वतःला जन्मतःच फॅसिझमविरोधी घोषित करून हा वादच टाळला. परिणामी तेथील संसदेला जबाबदारी मान्य करण्यासाठी एप्रिल १९९० उजाडावे लागले.

४

साहित्यसमीक्षेने हा सारा इतिहास दुरून, न्यायाधीशाच्या तटस्थतेने पाहावा, अशी मुभा मात्र तिला नाही. मराठी विद्यापीठीय समीक्षेत 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना आता चांगलीच परिचयाची आहे. साहित्यकृतीचा अर्थ तिच्यात एकदाच बंदिस्त झालेला नसून बदलत्या वाचकांच्या अपेक्षांशी होणाऱ्या व्यवहारातून तो घडतो, हे ग्रहणसिद्धांताचे सूत्र पदव्युत्तर वर्गांत शिकवले जाते. या सिद्धांताचे एक प्रवर्तक हान्स रोबेर्ट याउस यांनी १९६७ साली कोन्स्टान्त्स विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात साहित्येतिहासाला जे आव्हान दिले, तेथून या विचाराची वाटचाल मोजली जाते.

हे याउस वाफेन-एसएसमध्ये हाउप्टश्टुर्मफ्युरर या पदापर्यंत चढलेले अधिकारी होते. युद्धानंतर त्यांना स्थानबद्धही करण्यात आले होते. १९९० च्या दशकात ही गोष्ट उघडपणे चर्चेत आली. १९९७ साली त्यांचे निधन झाले. आणि कोन्स्टान्त्स विद्यापीठाने इतिहासकार येन्स वेस्टेमायर यांच्याकडून करवून घेतलेली चौकशी २०१५ साली प्रसिद्ध झाली. याउस यांनी आपल्या त्या काळाविषयी दिलेली माहिती अपुरी आणि काही ठिकाणी दिशाभूल करणारी होती, हे त्या चौकशीने दाखवून दिले.

येथे दोन सोप्या वाटा उपलब्ध आहेत आणि दोन्ही नाकारल्या पाहिजेत. सिद्धांतकार एसएसचा अधिकारी होता म्हणून सिद्धांतही त्याज्य, ही पहिली वाट. तिच्यात विचाराची चिकित्सा करण्याऐवजी विचारवंताची कुंडली मांडली जाते. सिद्धांताचा आणि चरित्राचा काहीएक संबंध नाही, ही दुसरी वाट. आणि ती विद्यापीठीय समीक्षेला विशेष प्रिय आहे, कारण तिच्यात कोणालाच काही करावे लागत नाही. खरा प्रश्न या दोहोंच्या पलीकडचा आहे. ज्या सिद्धांताने वाचकाच्या ऐतिहासिक स्थानाला मध्यवर्ती महत्त्व दिले, त्याच सिद्धांताच्या कर्त्याने स्वतःचे ऐतिहासिक स्थान वाचकांपासून दडवून ठेवावे, हा विरोधाभास सिद्धांताच्या बाहेरचा नाही. तो त्याच्या केंद्रातच आहे. 'क्षितिज' या शब्दाने वाचकाची जागा दाखवली जाते, पण त्या जागेवर उभ्या असलेल्याने पूर्वी काय केले हा प्रश्न त्या शब्दाच्या कक्षेत येत नाही. क्षितिज बदलते, सरकते, विस्तारते. ते कोणाला जाब देत नाही. याउस यांच्या सिद्धांताचा उपयोग अवश्य करावा, मात्र त्यात हा अनुक्त राहिलेला प्रश्न घालून करावा. तो घातला तर सिद्धांत अधिक सशक्तच होईल.

ग्युंटर ग्रास यांचे प्रकरण याच जातीचे असून उलट्या बाजूने बोधक आहे. चार दशके जर्मन समाजाला त्याच्या विस्मरणाबद्दल धारेवर धरणाऱ्या या लेखकाने, वयाच्या सतराव्या वर्षी आपण वाफेन-एसएसमध्ये होतो, हे २००६ सालापर्यंत सांगितले नाही. सतरा वर्षांच्या मुलाला दोष देण्यात काही अर्थ नाही. प्रश्न साठ वर्षांच्या मौनाचा आहे. १९८५ साली चॅन्सलर हेल्मुट कोल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी बिटबुर्ग येथील दफनभूमीला भेट दिली, तेव्हा तेथे वाफेन-एसएसचे सैनिक पुरलेले आहेत म्हणून निषेध करणाऱ्यांत ग्रास होते. दुसऱ्याला जाब विचारणे सोपे असते आणि स्वतः जाब देणे कठीण असते, हे या प्रकरणात एका व्यक्तीच्या पातळीवर दिसले. राष्ट्राच्या पातळीवर तेच अधिक व्यापक आणि अधिक निर्लेप रूपात घडणार होते.

५

जर्मनीच्या एकीकरणानंतर स्मरण हा राज्यसंस्थेचा अधिकृत व्यवहार झाला. १९९९ साली संसदेने ठराव केला आणि मे २००५ मध्ये बर्लिनच्या मध्यभागी २,७११ काँक्रीट स्तंभांचे स्मारक खुले झाले. सक्तीने राबवल्या गेलेल्या मजुरांसाठी २००० साली राज्य आणि उद्योगसमूह यांनी मिळून दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला आणि सोळा लाखांहून अधिक लोकांना त्यातून रक्कम मिळाली. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. राजधानीच्या हृदयस्थानी स्वतःच्या अपराधाचे स्मारक उभारणारी राष्ट्रे जगात फारशी नाहीत. परंतु याच काळात दुसरी एक कथा घडत होती.

१९४९ च्या जर्मन राज्यघटनेने राजकीय छळाला बळी पडणाऱ्यांना आश्रयाचा हक्क दिला होता. नाझी जर्मनीतून पळालेल्यांना जगाने दारे बंद केली, या अनुभवाचे ते कायद्यातले स्मरण होते. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टोक-लिश्टनहागन येथे जमावाने स्थलांतरितांच्या निवासावर हल्ला केला, त्या वेळी बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर जे घडले ते असे : २६ मे १९९३ रोजी संसदेने हल्लेखोरांना नव्हे तर आश्रयाच्या हक्कालाच वेसण घातली, आणि तीनच दिवसांनी झोलिंगन येथे तुर्की वंशाच्या एका कुटुंबाचे घर पेटवण्यात येऊन पाच स्त्रिया आणि मुली मृत्युमुखी पडल्या. २००० ते २००७ या काळात नव-नाझींच्या एका गटाने दहा खून केले. बळींपैकी नऊ जण स्थलांतरित कुटुंबांतले होते. पोलीस वर्षानुवर्षे मृतांच्या कुटुंबीयांवरच संशय घेत राहिले आणि खरे गुन्हेगार कोण हे नोव्हेंबर २०११ मध्ये उघड झाले. स्तंभांच्या रूपात नाझींची आठवण जपणाऱ्या राज्याला रस्त्यावर फिरणारा नाझी ओळखता आला नाही. आडोर्नो यांनी १९५९ साली दिलेला इशारा स्मारकाच्या उद्घाटनांनी रद्द झालेला नव्हता.

स्मृती जेव्हा राष्ट्राची प्रतिष्ठा होते तेव्हा तिचे व्याकरण बदलते. त्याचे एक उदाहरण नामिबियाचे. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहती सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला; हजारोंना वाळवंटात ढकलून आणि छावण्यांत डांबून मारले. मे २०२१ मध्ये जर्मन सरकारने हा 'आजच्या दृष्टिकोनातून' वंशसंहार असल्याचे मान्य केले आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले. परंतु ही रक्कम कायदेशीर नुकसानभरपाई नव्हे, हेही स्पष्ट केले. 'आजच्या दृष्टिकोनातून' हे क्रियाविशेषण १९५१ च्या कर्मणी प्रयोगाचे सख्खे भावंड आहे. तेथे कर्ता गळाला, येथे काळ गळाला. हेरेरो आणि नामा समाजांच्या अनेक प्रतिनिधींनी या तडजोडीला विरोध केला, कारण वाटाघाटींच्या मेजावर त्यांना स्वतःचे स्थानच नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध दाखल केलेल्या वंशसंहाराच्या दाव्यात जर्मनीने इस्रायलच्या बाजूने उभे राहण्याचे जाहीर केले, तेव्हा नामिबियाच्या अध्यक्षांनी जर्मनीला १९०४ ची आठवण करून दिली. जाब विचारणाऱ्या राष्ट्राला त्याच्याच थकलेल्या जाबाची ही आठवण होती.

दुसरे उदाहरण थेट साहित्यक्षेत्रातले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हत्याकांडी हल्ल्यानंतर त्याच महिन्यात फ्रांकफुर्ट पुस्तकमेळ्यात पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांच्या गौरवाचा ठरलेला समारंभ पुढे ढकलण्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यू लेखक माशा गेसेन यांना मिळालेल्या हाना आरेंट पुरस्काराच्या सोहळ्यातून एका प्रमुख प्रायोजक संस्थेने अंग काढून घेतले. कारण, गेसेन यांनी गाझाची तुलना नाझीव्याप्त युरोपातील ज्यू वस्त्यांशी केली होती. ही तुलना योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो आणि व्हावयास हवा. पण जर्मन संस्थांनी एका ज्यू लेखकाला नाझी संहाराविषयी बोलण्याच्या मर्यादा शिकवाव्यात, आणि तेही आरेंट यांच्या नावाच्या पुरस्काराच्या निमित्ताने, यात न्यायासनावर कोण बसले आणि पिंजऱ्यात कोण उभे राहिले, याची अदलाबदल पूर्ण झालेली दिसते. त्याच महिन्यात जाक्सन-आनहाल्ट या राज्याने नागरिकत्व मागणाऱ्यांकडून इस्रायलच्या अस्तित्वाच्या हक्काची लेखी कबुली घेण्याचे ठरवले. आजोबांच्या अपराधाची शपथ आता नवागतांनी घ्यावयाची. याच राज्यातील हाले या शहरात ऑक्टोबर २०१९ मध्ये योम किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगवर सशस्त्र हल्ला करणारा इसम मात्र जन्माने जर्मन असलेला अतिउजवा होता.

६

या चिकित्सेवर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. स्मरणव्यवहाराची अशी उलटतपासणी केल्याने तो मोडीत काढू पाहणाऱ्यांचेच फावणार नाही काय? हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये मार्टिन वाल्झर यांनी फ्रांकफुर्टच्या पाउल्सकिर्शमध्ये पुरस्कार स्वीकारताना आउश्वित्सचा वापर नैतिक सोट्यासारखा होत असल्याची तक्रार केली. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. जर्मनीतील ज्यूंचे नेते इग्नात्स बुबिस जागेवर बसून राहिले. वाल्झर यांची तक्रार कर्मकांडाविरुद्ध होती, असे त्यांचे समर्थक म्हणत. परंतु कर्मकांडाचा कंटाळा आणि जाब देण्याचा कंटाळा यांतील सीमारेषा त्यांनी कोठेही आखली नाही. अठरा वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, 'आल्टर्नाटिव्ह फ्युर डॉइचलांड' या पक्षाचे ब्योर्न ह्योके यांनी ड्रेस्डन येथे बर्लिनच्या स्मारकाविरुद्ध गरळ ओकली आणि स्मरणाच्या धोरणात १८० अंशांचे वळण घेण्याची मागणी केली. जून २०१८ मध्ये त्याच पक्षाचे आलेक्सांडर गाउलांड यांनी हजार वर्षांच्या उज्ज्वल जर्मन इतिहासापुढे नाझी पर्वाला पक्ष्याच्या विष्ठेची उपमा दिली. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत या पक्षाला २०.८ टक्के मते मिळून तो संसदेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला.

म्हणून येथे भेद काटेकोरपणे करावा लागतो. ह्योके यांना जाबच नको आहे. प्रस्तुत चिकित्सेची मागणी नेमकी विरुद्ध आहे : जाब अपुरा आहे, तो अर्ध्यावर थांबला आहे, आणि थांबल्याची जागा पूर्णत्वाची म्हणून सजवली गेली आहे. ही सजावटच उजव्यांच्या पथ्यावर पडते. स्मरण हे केवळ शासकीय समारंभांचे आणि परवानगीपत्रांचे क्षेत्र झाले, की शासनावर रागावलेल्या प्रत्येकाला स्मरणावरही रागावणे सोपे जाते. बाउअर, वाइस किंवा ब्रांट यांच्या काळी स्मरण हे सत्तेविरुद्धचे बंड होते. आज सत्तेचे भूषण झाल्यामुळे त्याच्याविरुद्धची ओरड स्वतःला बंड म्हणवून घेऊ शकते. स्मृतीला टीकेपासून दिलेले संरक्षण तिला बळकट करीत नाही, ते तिचे एकमेव बळ काढून घेते.

उलट दिशेचा, म्हणजे सगळेच ढोंग होते असे मानणाऱ्यांचा पक्षही तितकाच उथळ आहे. आउश्वित्स खटल्यातील साक्षी खऱ्या होत्या, कालमर्यादा रद्द करणारा कायदा खरा होता, आणि शेकडो गावांतील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील हद्दपार ज्यूंची नावे शोधून काढण्याचे केलेले काम खरे होते. या साऱ्याला ढोंग म्हणणे म्हणजे ज्यांनी ते राष्ट्राच्या नाराजीला न जुमानता केले त्यांचे श्रेय पुन्हा एकदा राष्ट्राच्याच खात्यावर टाकणे, एवढेच की या वेळी बदनामीच्या रकान्यात.

७

मराठी समीक्षेला या प्रकरणातून काय घेता येईल? आदर्श राष्ट्राचा नमुना तर नाहीच. घेण्यासारखी आहे ती वाचनाची एक शिस्त. भूतकाळाविषयीचे कोणतेही सामूहिक विधान समोर आले, मग ते संसदेतील निवेदन असो, कादंबरी असो, स्मारकावरील लेख असो किंवा समीक्षेतील सिद्धांत असो, त्याचा कर्ता शोधावा. कर्मणी प्रयोगात तो गाळला आहे काय? क्रियाविशेषणाच्या आड तो लपला आहे काय? 'आम्ही' या सर्वनामात गुन्हेगार, बघा आणि बळी एकाच वेळी कोंबले आहेत काय? आणि सर्वांत शेवटी, बोलणारा जाब देत आहे की विचारत आहे? ज्या समाजांत इतिहासाशी हिशेब या शब्दांचा अर्थ जवळजवळ नेहमीच 'इतरांनी आमच्यावर काय केले' असा घेतला जातो, आणि 'आमच्यांनी इतरांवर काय केले' हा प्रश्न विचारणाराच देशद्रोही ठरतो, तेथे ही शिस्त अधिकच निकडीची आहे.

राष्ट्रे स्मरण करीत नाहीत. माणसे करतात, आणि बहुधा राष्ट्राची गैरसोय करून करतात. जर्मनीने जगाला शिकवलेला धडा त्याच्या स्मारकांत शोधण्यापेक्षा त्या स्मारकांआधीच्या भांडणांत शोधावा. ते भांडण जोवर चालू आहे तोवर जाब दिला जात आहे, असे समजावे. ते मिटल्याची घोषणा ज्या दिवशी होईल, त्या दिवशी घोषणा करणाराच कोणत्या जागी उभा आहे हे पाहावे.